‘आपरेशन तुमीच करान का?’

आदरणीय मॅडम,

मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव कृपया छापू नका. आमच्याकडे स्किल लॅब आहे. बॉक्स ट्रेनर (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाचे खोके) आहेत, एक महागडं व्हीआर सिम्युलेटरही (पडद्यावर आभासी सराव देणारं यंत्र) आहे. पण किल्ली ऑफिसात असते, ऑफिस संध्याकाळी बंद होतं, आणि आम्ही वॉर्ड आणि ओटीतून (ऑपरेशन थिएटरातून) सुटतो तेव्हा मेससुद्धा आवरलेली असते. लॉगबुकात मात्र सिम्युलेटरचे तास दाखवावे लागतात. सिनियर म्हणतात, ‘भरून टाक, सगळेच भरतात.’ रजिस्टर समोर आहे, अजून सही केलेली नाही.

पुढच्या आठवड्यात युनिटचे सर मला पहिली लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन) देणार आहेत. आतापर्यंत मी कॅमेरा धरलाय, पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायच्या नळ्या) टाकलेत, पोर्ट बंद केलेत. पेशंट काटोलकडच्या एक मावशी आहेत, संत्र्याच्या बागेत मजुरीला जातात. काल राउंड झाल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, ‘डाक्टरीन बाई, आपरेशन तुमीच करान का?’ मी म्हटलं, ‘आमची पूर्ण टीम असते, मावशी.’ खोटं नव्हतं, पण रात्रभर टोचत राहिलं.

माझा एक बॅचमेट म्हणतो, सिम्युलेटर वगैरे परदेशी थेरं आहेत. सर्जरी पेशंटवरच शिकता येते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट उपचार मिळतात तर पेशंटने एवढं सोसायला हरकत नाही. एका सिनियरने तर सुचवलं, कॅज्युअल्टीत एखादा पेशंट गेला की नातेवाईक यायच्या आत त्याच्यावर प्रोसिजर करून हात बसवून घे. दोन्ही ऐकून कसंसंच झालं, पण उलट उत्तर सुचलं नाही. मी काय करू?

— एक ज्युनियर रेसिडेंट

*

रजिस्टरचा प्रश्न सगळ्यात सोपा, तो आधी संपवू. खोटे तास भरू नकोस.

‘सगळेच भरतात’ हे खरं असणार, आणि लॅबला कुलूप राहण्याचं एक कारण नेमकं तेच आहे. इन्स्पेक्शनला कोणी ते रजिस्टर चाळलं तर पानंच्या पानं भरलेली दिसतात, लॅब जोरात चालली आहे अशी समजूत होते. मग किल्ली रात्रीची मिळावी म्हणून धडपड कोण करणार? तुमच्याच सह्यांनी तुमची लॅब बंद ठेवली आहे. शिवाय पुढच्या आठवड्यात सर तुझ्या हातात क्लिप अप्लायर (नळीला क्लिप लावून ती बंद करायचं हत्यार) देतील, तेव्हा त्यांच्या मनात हे तास असतील. तुझा हात कितपत बसलाय याचा त्यांचा अंदाज चुकला तर मध्ये पडायला त्यांना क्षणभर उशीर होईल, आणि लॅप कोलीत क्षणभर उशीर पुरतो.

झाले तेवढेच तास लिही. शून्य असतील तर शून्य लिही. सोबत तिघाचौघांच्या सह्यांचा एक अर्ज एचओडींना (विभागप्रमुखांना) द्या: संध्याकाळनंतर लॅबची किल्ली कॅज्युअल्टीच्या ड्युटी रूममधून सही करून मिळावी. तक्रारीचा सूर नको, फक्त मागणी. इन्स्पेक्शन तोंडावर आलं की असे अर्ज किती पटापट मंजूर होतात, हे मी तुला सांगायला नको.

खरं तर तास हे मापच मला पटत नाही. 2002 मध्ये येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. रेसिडेंट फक्त 16. निम्मे नेहमीसारखे शिकले, निम्म्यांनी त्याशिवाय व्हीआर सिम्युलेटरवर सराव केला. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवलं. कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी व्हिडिओ तपासले. सराव केलेल्यांनी ते काम 29 टक्के जास्त वेगाने केलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा डायथर्मीचा (विजेने जाळून कापणाऱ्या उपकरणाचा) चटका भलतीकडे बसण्याची शक्यता पाचपट निघाली. 16 जणांवरून सगळं सिद्ध होत नाही, पण पुढच्या अभ्यासांनीही दिशा तीच दाखवली.

मला त्या प्रयोगातल्या दोन बारीक गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. त्या यंत्राच्या पडद्यावर पित्ताशय नव्हतंच. साधे आकार होते, एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने नेमक्या जागी चटका द्यायचा. म्हणजे लाखोंच्या मशिनवर हुबेहूब यकृत दिसलं तरच शिकता येतं असं काही नाही. आणि सराव किती तास करायचा हे कोणी ठरवून दिलं नव्हतं. अनुभवी सर्जनची कामगिरी मोजून ठेवली होती, तिथवर पोचेपर्यंत प्रत्येकाने करत राहायचं होतं. कोणाला लवकर जमतं, कोणाला उशिरा. तुमच्या रजिस्टरात ‘पोचली का?’ असा रकानाच नाही.

तेव्हा किल्लीची वाट पाहू नकोस. हॉस्टेलच्या खोलीत जाड पुठ्ठ्याचा खोका घे, वरून दोन भोकं पाड, आत एलईडीची पट्टी लाव, मोबाइलचा कॅमेरा आत वळव आणि चित्र लॅपटॉपवर घे. ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना विचार. कंडेम (वापरातून बाद) झालेले ग्रास्पर (पकडायचे लांब चिमटे) आणि मेरीलँड (सोडवायचे वाकड्या टोकाचे चिमटे) बऱ्याच ओटीच्या कपाटात पडून असतात. मात्र गुपचूप उचलू नकोस, वहीत नोंद करून घे.

आणि संत्रा मार्केटमधून किलोभर संत्री आण. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलायला सुरुवात करणं सोपं जातं. डाव्या हातातल्या ग्रास्परने साल धर, उजव्या हाताने ती सोडवत जा, मग पांढरे धागे एकेक करून काढ, शेवटी फोडी वेगळ्या कर. फोडीचा पापुद्रा फाटता कामा नये. पहिल्या संध्याकाळी टेबलावर नुसता रस असेल. तू मूठ उजवीकडे नेतेस आणि टोक डावीकडे जातं, पडद्यावर सगळं सपाट दिसतं, फोड जवळ आहे की लांब ते कळत नाही. ओढायचं किती आणि नुसतं ताणून धरायचं किती, हे हाताला उमगायला वेळ लागतो. तो वेळ संत्र्यांचा जाऊ दे. ते जमलं की कोंबडीच्या तंगडीच्या कातडीवर टाके घाल आणि मटणवाल्याकडून बकऱ्याचं आतडं आणून, कापलेली टोकं शिवून जोडायचा सराव म्हणून, अ‍ॅनास्टोमोसिस कर. (ते मेसच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. यावरून हॉस्टेलात महाभारत होतं.)

मोजमाप हवंच असेल तर एफएलएस या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत कौशल्यांच्या अमेरिकन परीक्षेतली पाच कामं बघ. जनरल सर्जरीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी ती तिथे साधारण 2010 पासून सक्तीची आहे. रबरी तुकडे एका खुंटीवरून उचलून दुसऱ्या हातात घेऊन पलीकडच्या खुंटीवर ठेवणं, गॉजवर आखलेलं वर्तुळ कापणं, तयार फासा घालून आवळणं, बाहेर बांधलेली गाठ आत सरकवणं आणि आतल्या आत गाठ मारणं. पाचही तुझ्या खोक्यात होतात.

‘परदेशी थेरं’ म्हणणाऱ्या बॅचमेटला सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय दाखव. कापायचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडीवर. भेदनाचा पाण्या-चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. शिवण्याचा जाड-बारीक कापडाच्या कडांवर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधायचा माणसाएवढ्या बाहुल्यावर. कितीही शास्त्र ऐकलेला असला तरी ज्याने असा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कामाला लायक नाही, हेही तिथे स्वच्छ लिहिलंय. आपल्याकडे कॉन्फरन्सच्या उद्घाटनाच्या स्लाइडवर सुश्रुत हटकून असतो. भाषण संपलं की त्याच कॉलेजातल्या लॅबची किल्ली पुन्हा ऑफिसात.

आता थोडं सिम्युलेटरच्या विरुद्ध. पडद्यावरचं पित्ताशय शहाण्यासारखं लोंबत असतं. मावशींचं तसं असेलच असं नाही. दोनतीनदा दुखून गेलेलं असेल तर ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) चिकटलेलं, कॅलोटचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि धमनी जिथे शोधायची ती जागा) सुजून कडक झालेला, काय कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळत नाही. लेन्सवर धुकं येतं. सिस्टिक आर्टरीतून (पित्ताशयाच्या धमनीतून) चिळकांडी उडाली की सगळा पडदा लाल होतो. मशिनवर अशा वेळी रीस्टार्टचं बटण असतं, आणि माझा खरा आक्षेप त्या बटणावर आहे. मशिन वेळ मोजतं, हाताची वळवळ मोजतं, चुका मोजतं. ‘हे मला दिसत नाहीये, मी थांबते’ असं म्हणणाऱ्या मुलीला ते बहुधा शून्य देईल. ओटीत मात्र मी तिला पैकीच्या पैकी देईन.

लॅप कोलीत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच मानलं जातं. आकडा लहान आहे. पण ज्या बाईची सीबीडी (मुख्य पित्तनलिका) कापली जाते तिच्या वाट्याला मोठी दुरुस्ती येते, नंतर नळी आक्रसली तर ताप-कावीळ आणि कित्येक वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या. 2003 मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा 252 इजांची चिरफाड केली. 97 टक्के प्रसंगांत मूळ कारण डोळ्यांची फसगत होती: सीबीडीलाच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) समजून क्लिप लावली. हाताचं कसब कमी पडलं अशी प्रकरणं अवघी 3 टक्के. म्हणजे संत्र्याने तुझा हात बसेल, पण सगळ्यात मोठ्या धोक्याला त्याने हात लागत नाही. स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये ‘क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी’ला हे नाव दिलं ते या फसगतीसाठीच. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसायला हव्यात: त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा भाग यकृताच्या बेडवरून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, तिसरी नाही. युनिटचे जुने व्हिडिओ सरांकडून माग, मध्येच थांबव आणि काय दिसतंय ते मोठ्याने बोल. चुकलीस तर सर बोलतील. अर्ध्या तासाचं हे काम मला व्हीआरच्या चार तासांपेक्षा मोलाचं वाटतं.

आता मावशी.

बॅचमेटचं अर्धं म्हणणं खरं आहे. शेवटी सर्जरी माणसावरच शिकावी लागते. प्रत्येक सर्जनची पहिली केस कोणीतरी असतं. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांवर आज ज्यांच्या नावाच्या पाट्या आहेत त्यांतल्या अनेकांचे हात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात तयार झाले. छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, भंडाऱ्याहून आलेल्या माणसांच्या पोटांवर ते शिकले, आणि शिकून झाल्यावर तो तयार हात ज्याला परवडतो त्याला मिळाला. हा व्यवहार आपण कोणीच उच्चारत नाही. बॅचमेटचं उरलेलं अर्धं, ‘फुकट आहे तर सोसावं’, हे मात्र मला अजिबात मान्य नाही. मावशींचं ऑपरेशन जन आरोग्य योजनेत होवो की कॉलेजच्या खर्चाने, पैसे सरकार भरतंय, आणि त्या बदल्यात शरीर सरावाला दिलं असा करार तिने कुठे केलेला नाही.

शिकाऊ हाताने ऑपरेशन होणं म्हणजे वाईट उपचार असंही नाही. टेबलाशी सर उभे असतील, दोन जास्तीचे डोळे असतील, कोणी घाई करणार नाही. फक्त सर ‘उभे असणं’ म्हणजे हात धुऊन, गाऊन घालून टेबलाशी. चहाच्या खोलीत नव्हे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत फार मुलं दगावली, त्याच्या चौकशीचा अहवाल 2001 मध्ये आला. पहिल्यांदा प्रोसिजर करणाऱ्यावर, पुरेसं कौशल्य येईपर्यंत, जाणत्या सहकाऱ्याची थेट देखरेख हवी, ही त्यातली एक शिफारस. सरांना फोन आला आणि ते बाहेर गेले, तर इन्स्ट्रुमेंट स्थिर धर आणि ते परत येईपर्यंत थांब. ओटीत कोणी हसलं तर हसू दे.

उरतो तिचा प्रश्न. ‘टीम असते’ हे उत्तर प्रश्न चुकवण्यासाठी होतं, म्हणून टोचलं. कायदा तुला इथे फारसा धक्का देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीबद्दल पुष्कळ सांगितलं: आजार, उपचार, धोके, पर्याय हे पेशंटला समजतील असं सांगून संमती घ्यावी, एका प्रोसिजरची संमती दुसरीला लागू धरू नये. पण सुरी कोणाच्या हातात, हा त्या खटल्याचा मुद्दा नव्हता. आणि संमतीपत्रात ‘डॉक्टर व त्यांचे सहकारी’ असं काहीतरी छापलेलं असतंच, त्याखाली अंगठा उठला की कागद पुरा होतो.

मावशींनी मात्र तोंडाने विचारलंय. ज्याने विचारलं त्याला खरं उत्तर मिळायला हवं, यात मला दुसरं मत दिसत नाही. तुझी अडचण मला कळते: तिने ‘नाही’ म्हटलं तर? तेच आधी सरांशी ठरव. आजच. ‘सर, मी पेशंटला सांगणार आहे की ऑपरेशन मी करणार. तिला नको असेल तर तुम्ही कराल ना, त्याच दिवशी, त्याच लिस्टवर?’ सगळं या एका गोष्टीवर अडलंय. तिने मजुरी बुडवलीय, सून घरचं सोडून सोबत राहिलीय, एसटीचा खर्च झालाय, सोनोग्राफी-रक्ताचे रिपोर्ट होऊन तारीख मिळालीय. ‘नाही’ म्हटल्यावर तारीख पुढे जाणार असेल, तर तिच्या ‘हो’ला काय अर्थ? खाजगीतला पेशंट डॉक्टर बदलू शकतो, हिला दुसरा दवाखाना नाही. नकार दिला तरी तिचं काहीच जाणार नाही एवढी सोय तू करून ठेवलीस, तरच तिला खरंच विचारलं असं म्हणता येईल.

सर ‘कशाला सांगतेस, घाबरेल’ म्हणतील. म्हणू दे. घाबरून उठून जाणारे पेशंट फार कमी. बहुतेकांना एकच विचारायचं असतं: मोठे डॉक्टर असतील ना? सर अजिबातच ऐकेनात, तर ही केस घेऊ नकोस, कॅमेरा धर. पहिली केस महिनाभराने मिळाली तर तुझं काही बिघडत नाही.

सर हो म्हणाले की संध्याकाळी, राउंडची गर्दी नसताना जा. स्टूल ओढून बस. तिच्या सुनेलाही बसव. असं काहीसं सांग: ‘मावशी, तुम्ही विचारलं होतं. ऑपरेशन मी करणार आहे. मी शिकतेय, आणि पित्ताची पिशवी मी स्वतः काढण्याची ही पहिलीच वेळ आहे. सर पूर्ण वेळ माझ्या शेजारी हात लावून असतील, त्यांनी अशी खूप केली आहेत. अवघड वाटलं तर सर स्वतः करतील, गरज पडली तर मोठा छेद देऊ. सरांनीच करावं असं तुम्हाला वाटत असेल तर बिनधास्त सांगा, तारीख बदलणार नाही, आम्ही कोणी रागावणार नाही.’ ‘पहिलीच’ हा शब्द गिळू नकोस. सिम्युलेटरचं सांगायचं असेल तर सरावाचं सांग, पण ‘मी मशिनवर खूप केलीत’ असं म्हणू नकोस. तिला त्याचा अर्थ ‘खूप ऑपरेशनं केलीत’ असाच लागेल. मग गप्प बस आणि तिला सुनेशी बोलू दे. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलंस तरी चालेल.

सिनियरच्या सल्ल्यावर फार शाई खर्च करत नाही. ‘नातेवाईक यायच्या आत’ हे शब्द त्यानेच वापरले, म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. घरच्यांची परवानगी नसेल तर मृत पेशंटला हात लावायचा नाही. सरावासाठी देह हवा तर अ‍ॅनाटॉमी विभागात चौकशी कर. देहदान करणाऱ्यांनी जिवंतपणी फॉर्म भरून दिलेला असतो. 1949 च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने बेवारस देहही कॉलेजांना मिळतात, आणि बेवारस म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा गरीबच, याची बोच मला आहे. पण तिथे निदान नोंद असते आणि कोणीतरी जबाबदार असतं.

एक बारकी गोष्ट राहिली. काही युनिटमध्ये ऑपरेशन कोणीही केलं तरी ओटी नोट्समध्ये ‘सर्जन’ म्हणून युनिटप्रमुखांचंच नाव जातं. तुमच्याकडे तसं असेल तर सरांना विचारून सर्जन म्हणून तुझं नाव लिही आणि देखरेख म्हणून त्यांचं. मध्येच त्यांनी हातात घेतलं असेल तर कुठल्या टप्प्यावर, तेही लिही. आणि मावशी पूर्ण शुद्धीवर आल्या, पाणी प्यायल्या की त्यांनाही तेच सांग.